मदत हवी आहे: दुर्बिणीतून सूर्य बघताना स्वतःला सावली कशी करायची?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरकर. ८० मिमी व्यासाची, ६०० मिमी नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण आहे, साध्या हाताने फिरवायच्या स्टँडवर. तोंडाला सौर फिल्म लावून जमेल त्या दिवशी सौरडागांचं चित्र काढतो. मे २०२४ मध्ये ३६६४ क्रमांकाचा तो अवाढव्य डागसमूह आला होता ना, ज्याच्या कृपेने लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं, तेव्हापासूनचं हे वेड.

फिल्ममधून लाखातला एक भाग उजेड आत येतो, आणि गालावर, चष्म्यावर, मानेवर मात्र सगळाच्या सगळा. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) काचेत मला माझीच पापणी दिसते. मोठे डाग कळतात, पण त्यांच्याभोवतीची फिकट किनार आणि सूर्याच्या कडेजवळचे पांढुरके चट्टे हरवून जातात.

"सकाळी लवकर बघा" एवढं सांगू नका. गच्ची तापायच्या आत हवा स्थिर असते हे ठाऊक आहे. पण पूर्वेला चार मजली इमारत आहे, तिच्यावरून सूर्य डोकावेपर्यंत साडेनऊ होतात.

आधी छत्री करून पाहिली. दोन दिवस बायकोने धरली, तिसऱ्या दिवशी ती खाली गेली ती आलीच नाही. मग छत्री स्टँडला बांधली, तर सूर्य सरकेल तशी सावली सरकते आणि वारा आला की सूर्य नाचतो.

मग जुने फोटोवाले घ्यायचे तसं काळं कापड डोक्यावरून घेतलं. अंधार झकास, पण आत भट्टी. आयपीसवर घामाची वाफ.

सध्या टीव्हीच्या खोक्याचा दोन फुटी चौकोनी पुठ्ठा वापरतोय. मधोमध भोक पाडून तो फिल्टरच्या, म्हणजे त्या सौर फिल्मच्या, कड्यालाच सेलोटेपने चिकटवलाय. सावली दुर्बिणीबरोबर फिरते, हे उत्तम. पण प्रतिमा थरथरते आणि नळी पुढे झुकते. शिवाय पूर्वी नळीची जमिनीवरची सावली लहानात लहान करून सूर्य पकडायचो, ती आता पुठ्ठ्याच्या सावलीत गडप. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढूनच ठेवलाय.

कुणी घरगुती जुगाड केला असेल तर सांगा.

प्रतिसाद १

बाकीचं नंतर. आधी तो पुठ्ठा फिल्टरवरून काढा, आजच. जोराचा वारा आला तर पुठ्ठा फिल्टरसकट उडेल आणि तेव्हा तुमचा डोळा आयपीसला असेल. फिल्टर नळीला वेगळा घट्ट बसवा, पुठ्ठा नळीला वेगळा. दोघांची गाठ पडता कामा नये.

तो तोंडाशी हवाच कशाला? नळीच्या मध्यावर, पकडीच्या जरा पुढे लावा, म्हणजे नळी झुकणार नाही. सावली लहानमोठी होईल ही भीती नको. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचाच दिसतो, त्यामुळे मीटरभर मागेही गडद सावली जेमतेम एक सेंटिमीटर आक्रसते. मात्र भोक मधोमध नको. तुमचं डोकं नळीच्या वर असतं, तेव्हा भोक खालच्या कडेजवळ पाडा. ४५ सेंमी रुंद, ६० उंच पुरे.

प्रतिसाद २

दुर्बिणीतलं काही कळत नाही, पण रोपवाटिका चालवतो. पुठ्ठ्याऐवजी शेडनेट लावा की! ९० टक्के ऊन अडवणारं, दोन पदर. वायरमन वापरतात त्या कंड्युट पाइपची चौकट करून त्यावर ताणायचं. वारा बराचसा आरपार जातो आणि वजन पुठ्ठ्यापेक्षा कमी.

प्रतिसाद ३

शेडनेटला अनुमोदन, पण त्यातून सूर्याकडे बघायचं नाही. ती सावली आहे, फिल्टर नव्हे.

माझी ६ इंची आरशाची दुर्बीण आहे. तिचा आयपीस पुढच्या तोंडाजवळ, बाजूला. तिथे मध्यावरची चौकट माझ्या मागे राहते, म्हणून मी घोंगडीच्या खोळीसारखी खोळ शिवून घेतली: बाहेर पांढरं सुती, आत काळं, खालून मोकळी. नुसतं काळं कापड ऊन पिऊन बसतं. पांढऱ्याने तुमची भट्टी निम्मी तरी शांत होईल.

सूर्य पकडायला चौकटीच्या एका कोपऱ्यात, डोळ्यापासून लांबच्या बाजूला, २ मिमी भोकाचा पुठ्ठ्याचा तुकडा लावा आणि त्याच्या सरळ मागे, नळीच्या शेपटाकडे पांढरं कार्ड. एकदा सूर्य आयपीसच्या मध्यात आला की कार्डावर उजेडाचा ठिपका पडेल तिथे पेन्सिलने फुली मारायची. पुढे ठिपका फुलीवर आणला की झालं.

धागाकर्ता

प्रतिसाद १, पुठ्ठा तुमचं वाचल्यावर लगेच उतरवला. हा विचार डोक्यात आलाच नव्हता, लाज वाटली. आता फिल्टरला तीन बाजूंनी पट्ट्या आहेत, बसवल्यावर ओढून बघतो.

रविवारी शेडनेटची चौकट केली. खर्च जवळजवळ शून्य, पाइप घराच्या वायरिंगमधला उरलेला होता. थरथर बरीच कमी झाली. फुलीची युक्ती तर भन्नाट, दहा सेकंदांत सूर्य हजर. सूर्याच्या कडेजवळचे पांढुरके चट्टे काल पहिल्यांदा नीट दिसले.

आता नवी भानगड. गच्चीला उन्हाळ्यासाठी पांढरा रंग मारलेला आहे. वरून सावली झाली, तर खालून उजेड मारतोय, थेट हनुवटीखाली.

प्रतिसाद २

ओलं गोणपाट अंथरा पायाशी. उजेडही मरेल आणि गच्चीही गार राहील. आमच्याकडे रोपांना तेच करतो.

प्रतिसाद ३

आणि त्या गारव्याने दुर्बिणीजवळची हवाही कमी उकळेल. फक्त स्टँडचे पाय गोणपाटावर ठेवू नका, लादीवरच टेकवा, नाहीतर हळूहळू खचत राहतील.