गाडीला काय लावलंत, काय काढलंत?

परवा माळा आवरताना गोणपाटात गुंडाळलेला एक सायलेन्सर हाताला लागला. माझाच. बायको म्हणाली, "हे अजून टाकलं नाहीस?" त्यावरून वाटलं, विचारून बघावं. आपापल्या मोटारसायकलला हौसेनं, गरजेनं किंवा मित्रांच्या नादानं काय काय लावलंत, आणि त्यातलं काय नंतर गुपचूप काढून ठेवलंत? कुठली कंपनी भारी आणि कुणाचं अ‍ॅव्हरेज जास्त, ही भांडणं इथं नकोत, ती पानपट्टीवर रोज होतात. स्वतःच्या गाडीचं लिहा. सुरुवात मीच करतो.

पल्सर १५०, २००५ ची, एमएच-१२ पासिंग. पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्ते. सहा महिन्यांत मूळचा सायलेन्सर काढून सरळ नळकांड्यासारखा एक बसवून घेतला. मूळचा भंगारात दिला, ही घोडचूक. आवाज असा की कोपऱ्यावरचा चहावाला मी दिसायच्या आधीच कटिंग भरायचा. आठवड्यातच गाडी, अ‍ॅक्सिलेटर सोडला की, फट् फट् उडायला लागली. फिटर म्हणाला, "धूर मोकळा सुटतोय, त्यामुळे हवा जास्त खेचतीय, पेट्रोल कमी पडतंय. कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा जेट मोठा टाकू." टाकला. फटफट थांबली आणि पंचावन्नचं अ‍ॅव्हरेज चाळिशीवर आलं.

मग मुलगी झाली. माझी दुसरी पाळी, घरी यायला रात्रीचे साडेबारा. पहिल्या रात्री गाडी आत घातली आणि तीन मजल्यांवरचे दिवे लागले, त्यातला एक आमचा. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या फाटकाबाहेरच इंजिन बंद करायचो आणि चढावर गाडी ढकलत आणायचो. वॉचमन मागून हात लावायचा. दीड महिना ढकलली. शेवटी सुट्टी टाकून बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो आणि तीन चकरा मारून त्याच मॉडेलचा अर्धा गंजलेला मूळ सायलेन्सर साडेचारशेला आणला. जेटही जुना बसवला. आता तुम्ही सांगा.

सातारकर, स्प्लेंडर

आमच्यात हौस हा प्रकारच नव्हता. वडिलांनी १९९८ ला गाडी घेतली ती दुधाला. शोरूममधून निघाली ती घरी यायच्या आधी वेल्डरकडं गेली. मागं दोन्ही अंगांना पट्ट्या, पट्ट्यांना हूक, हुकाला चाळीस लिटरचे दोन कॅन. आईनं हळदकुंकू लावलं ते त्या हुकांसकट. भरले कॅन आणि वर वडील, म्हणजे दीडशे किलो सहज. मागच्या शॉकअपला जादा स्प्रिंग टाकली तरी महिन्याला दोन-तीन स्पोक तुटायचेच. गाडीचा दोष नाही, आम्ही लादतच तसं होतो.

गाडी मी त्या कॅनवरच शिकलो. भरल्या कॅनची गाडी जड असते, पण इमानदार असते. वाईट तो अर्धा कॅन. वळणावर गाडी वळते आणि आतलं दूध सरळ जातं, मग अर्ध्या सेकंदानं येऊन असं आदळतं की हँडल हातातून ओढल्यासारखं होतं. म्हणून वडील एका गोठ्यावर दूध कमी निघालं की तिथंच दोन्ही कॅन उघडून सारखं वाटून घ्यायचे. अंधारात, बॅटरी दातात धरून.

२०१६ ला धंदा बंद केला, मी हूक कापून टाकले. पण त्या टणक स्प्रिंगांवर रिकामी गाडी सशासारखी उडायला लागली. स्प्रिंगा बदलल्या. पट्ट्या बसवायला पाडलेली भोकं अजून आहेत.

कोल्हापूरकर, बुलेट

मी काहीच लावलं नाही, आणि लावू दिलं नाही. १९८६ ची ३५०, ओतीव लोखंडाचं इंजिन, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. गॅरेजच्या दारात उभी केली की कोणीतरी म्हणतंच, "गियर डावीकडं करून देऊ का? सेल्फ बसवू का?" नको बाबा.

थोरल्यानं एकदा न विचारता काढली. कॉलेजात दुसरी गाडी चालवायची सवय, पुढं म्हैस आडवी आली आणि यानं सवयीनं ब्रेक म्हणून उजवा पाय हाणला. लागला गियर. म्हशीला काही झालं नाही, ती बघत उभी होती. पोरगं शेणात.

तेव्हापासून घरात नियम, आधी किक शिकायची आणि मग गाडी मागायची. चावी लावायची. मग टाकीवर नाही, पुढं हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअर मीटरचा छोटा काटा आहे तिकडं बघायचं. किक हळू दाबत न्यायची, दगड लागल्यासारखी घट्ट होते तिथं थांबायचं. डाव्या हाताला डीकॉम्प्रेसरचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा, चिमटा आहे तो ओढून किक आणखी जराशी खाली सोडायची. काटा मध्यावर आला की चिमटा सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग सगळं अंग टाकून एकच. तीही तळव्याच्या मधल्या भागानं, गुडघा ताठ न ठेवता. घाई केली की किक उलटी मारते. मी स्वतः टायमिंगशी खेळत बसलो होतो तेव्हा अशी बसली की दोन आठवडे पोटरीला लेप होता.

थोरला शिकला. धाकटी त्याच्याआधी शिकली, वजन कमी असून. ताकदीचं काम नाहीच ते.

नगरकर, नंबरवाला

मी गाडीला काही लावलं नाही, प्लेटीला लावलं. नशिबानं ४१४१ मिळाला. रंगाऱ्यानं असा काढून दिला की लांबून 'दादा' वाचता यावं. जवळूनही तेच वाचता यायचं. चौकात हवालदारानं थांबवलं. "दादा, नंबर काय?" मी म्हटलं, "तुम्ही आत्ता म्हणालात तोच." हसला. पावती मात्र फाडलीच.

आता एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही ती उच्च सुरक्षेची प्लेट लावायला लागते. सगळ्यांचे आकडे एका साच्यातले. दादा गेला, ४१४१ राहिला.

लातूरकर

मी काढलं. साडी गार्ड. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण गाडीनं काही केलं नव्हतं.

नवी गाडी, मागच्या चाकाशेजारची ती जाळी डोळ्यात खुपायची. 'बायकी दिसते' असं मित्र म्हणायचे, आणि मी एकविसाचा होतो. शोरूमच्या बाहेरच पान्यानं काढून तिथंच ठेवून आलो. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असला पाहिजे, असा नियम आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. हे मला नंतर कळलं.

आईला औशाला नेत होतो, मावशीकडं वास्तुशांत होती. काठापदराची साडी. ती नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसलेली. गतिरोधकासाठी स्लो केलं आणि मागून आवाज आला नाही, नुसती ओढ आली. गाडी डावीकडं मागं बसल्यासारखी झाली. पदर चेनीच्या बाजूला गेला नाही, स्पोकमध्ये गेला, म्हणून वाचलो. आई रस्त्यावर, कोपर सोललेलं, पायातली एक चप्पल लांब. दोन फेऱ्यांचा पदर चाकाला गुंडाळलेला. एका ट्रॅक्टरवाल्यानं खिशातल्या अडकित्त्यानं कापला. आई पहिलं वाक्य बोलली ते, "अरे, साडी बहिणीची आहे."

त्याच संध्याकाळी वेल्डरकडून जाळी करून घेतली, मूळच्यापेक्षा वीतभर लांब. गाडी दोनदा बदलली, जाळी प्रत्येक वेळी तपासतो. ओढणीला गाठ मारल्याशिवाय बहिणीला बसू देत नाही, ती वैतागते.

नाशिककर, क्लासिक ३५०

लातूरकर, वाचून पोटात गोळा आला.

मी पाच फूट एक इंच. सीटची उंची ८०५ मिलिमीटर, वजन दोनशे किलोच्या घरात. पेट्रोल पंपावर पोरगा अजून विचारतो, "ताई, दादा कुठंयत?" टाकी फुल कर म्हणते.

दोन्ही पाय टेकावेत म्हणून मी सीटवाल्याकडून दीड इंच फोम कातरून घेतला. पाय टेकले, आनंद झाला, रविवारी सापुताऱ्याला निघाले. वणी येईपर्यंत माकडहाड बोलायला लागलं. फोमखालचा पत्रा जाणवत होता. परत येताना फूटरेस्टवर उभी राहून आले, लोकांना वाटलं स्टंट करतेय. मूळ फोम पुन्हा भरून घेतला, कातरलेल्या फोमची मांजरीला गादी केली.

खरा उपाय फुकटात मिळाला. थांबताना दोन्ही पाय टेकायची गरज नसते, सीटवरून जरा डावीकडं सरकलं की डावा पाय पूर्ण टेकतो, उजवा ब्रेकवर. पायात जाड तळव्याचे बूट. आणि मुख्य म्हणजे गाडी लावताना विचार करायचा. तोंड उताराकडं करून लावली की संपलं, काढताना दोनशे किलो मागं ओढायला लागतात. मी आता हॉटेल निवडताना आधी त्याचं पार्किंग बघते, मग मिसळ. डाव्या बाजूला खडी असेल तर तिथं थांबतच नाही. गाडी दोनदा पाडली आहे, दोन्ही वेळा उभी असताना. एकदा सासऱ्यांसमोर. त्यांनी उचलायला हात लावला आणि म्हणाले, "माझी राजदूत याहून हलकी होती." तो त्यांचा होकार होता, असं नवरा म्हणतो.

फोंड्याहून

बाबा पणजीत पायलट होते. घाटावरच्या पाहुण्यांना विमान वाटायचं. आमच्याकडे मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्याला पायलट म्हणतात, पुढचं मडगार्ड पिवळं.

बाबांनी गाडीला लावलं काय, तर मागच्या फूटरेस्टचं रबर. दर पावसाळ्याआधी नवं. "हँडल माझं, पण पाय गिऱ्हाइकाचे," म्हणायचे. ओल्या चपलेनं पाय घसरला की माणूस घाबरून तुमचा खांदा ओढतो, आणि मग दोघं. सीट सपाट करून घेतलेली, मागं चढ असला की ब्रेक मारताना प्रवासी पुढं घसरून पाठीवर येतो. रायबंदरहून चोडणेच्या फेरीबोटीत गाडी चढवताना धक्क्यावर शेवाळ असतं, तिथं ते गिऱ्हाइकाला आधी उतरवायचे, पैशाची घाई असली तरी.

काढलं काहीच नाही. गाडी विकली तेव्हा मडगार्ड तेवढं काळं रंगवून दिलं.

लेस्टरकर, मूळचा ठाण्याचा

पंधरा वर्षं ठाणे-बेलापूर रोज केलेला माणूस मी. इथं इंग्लंडात आल्यावर १२५ सीसी घ्यायची तरी एक दिवसाचं सीबीटी प्रशिक्षण करावं लागलं. मैदानात प्लॅस्टिकचे शंकू, त्यांच्यातून आठचा आकडा. तो मजेत केला. रस्त्यावर निघालो आणि कानातल्या वायरलेसवर गुरुजी सुरू झाले. वळायच्या आधी मान वळवून खांद्यावरून मागं बघायचं, त्याला ते 'लाइफसेव्हर' म्हणतात. मी बघत नव्हतो. मला आरसा आणि हॉर्न पुरायचा. दिवसभरात हॉर्न चार वेळा वाजवला. गुरुजींनी शेवटी शांतपणे विचारलं, "कोणी ओळखीचं दिसतंय का?"

सर्टिफिकेट मिळालं, दोन वर्षांचं. पुढं-मागं लाल 'एल'च्या पाट्या, मोटरवेवर, म्हणजे द्रुतगती मार्गावर, जायचं नाही आणि मागं कोणाला बसवायचं नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग घेतलीस कशाला?" लग्नाआधी उपवनला डबलसीट फिरलेली बाई, तिचंही बरोबर आहे.

लावलं म्हणाल तर हँडलला ते मोठे कापडी मोजे, जेवण पोचवणारी पोरं लावतात तसले. ध्यान दिसतं. जानेवारीत सकाळी सहाला दिसायचं काय घेऊन बसलात.

सोलापूरकर

धागामालक, ते माळ्यावरचं नळकांडं कितीला देता? माझी पण २००५ चीच आहे.

धागामालक

देत नाही. पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात. आणि तुमच्या सोसायटीला चढ आहे की नाही, हे तुम्ही सांगितलेलं नाही.

सोलापूरकर

सपाट आहे. तिसऱ्या मजल्यावर सासूबाई असतात.