चर्चा: जुने रॉक शो शोधताना ‘फक्त साउंडबोर्ड’ हा हट्ट कशाला?

टेपकिडा:
इंटरनेट अर्काइव्हच्या लाइव्ह म्युझिक अर्काइव्हमध्ये (लाइव्ह शोच्या रेकॉर्डिंगचा ऑनलाइन साठा, २००२ पासून) आलेला माणूस आधी साउंडबोर्डची चाळणी लावतो. दुर्मिळ माल तिथेच हातचा जातो. साउंडबोर्ड म्हणजे थेट मिक्सरमधून घेतलेलं रेकॉर्डिंग: हॉलच्या स्पीकरांना काय दिलं त्याची नोंद, हॉलमध्ये काय ऐकू आलं त्याची नव्हे. छोट्या क्लबात गिटारचा अँपच इतका दणकतो की मिक्सरमधून ती फारशी द्यावी लागत नाही. मग टेपवर गायक कानाशी आणि गिटार शेजारच्या खोलीत! त्यात ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे साउंडबोर्ड २००५ पासून तिथे फक्त ऐकता येतात. प्रेक्षकांतली रेकॉर्डिंग मात्र उतरवून घेता येतात.

खरखरविरोधी:
क्लबांपुरतं मान्य. डेडने शो टेप करणाऱ्या चाहत्यांना वेगळी जागा दिली ती १९८४ मध्ये. त्याआधीच्या प्रेक्षक-टेपा पुष्कळदा कॅसेटवरून कॅसेट, चौथ्या-पाचव्या पिढीच्या. प्रत्येक पिढीला खरखर चढते आणि झांजा विरतात. ८ मे १९७७ च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या बार्टन हॉलच्या त्यांच्या शोचा एवढा गवगवा झाला, त्यात साउंडबोर्ड टेपचा वाटा मोठा आहे. बाजूच्या दोघांच्या गप्पा पूर्ण गाणंभर ऐकण्यात कसलं आलंय ‘वातावरण’?

फ्लॅकवाला:
दोघेही लेबलावर भांडताय. आधी सोबतची टेक्स्ट फाइल वाचा. मूळ टेप, मग कुठली प्रत, मग कुठलं यंत्र ही साखळी तिथे असते. मध्ये मिनिडिस्क (छोटी रेकॉर्डिंग डिस्क) दिसली तर जागा वाचवायला आवाजाचा काही भाग बहुधा एकदा टाकला गेलाय, पुढे फ्लॅक (काहीही न गमावता आवाज साठवणारी फाइल) केलं तरी गेलेलं परत येत नाही. साखळीच नसेल तर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी किती उंच सूर आहेत त्याचं चित्र, काढा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने कापल्यासारखी सरळ रेघ असेल तर बहुधा एमपीथ्रीचं फ्लॅक केलंय. कॅसेटचे वरचे सूर हळूहळू विरतात, कापले जात नाहीत. साउंडबोर्ड असो वा प्रेक्षक, ही परीक्षा दोघांना सारखीच.

टेपकिडा:
आणि वेग? डिजिटल करताना टेप जास्त वेगात फिरली असेल तर सूर चढतो. अमेरिकेतल्या शोमध्ये वीजपुरवठ्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये शिरणारा गुणगुणाट ६० हर्ट्झवर हवा. तो ६२ वर दिसला तर टेप ३.३ टक्के जास्त वेगात आहे, म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या (काळ्या धरून) अंतराच्या निम्म्याहून जास्त. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरात ‘चेंज स्पीड’मध्ये (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’) उणे ३.२ टक्के द्या. ‘चेंज टेम्पो’ नको, त्याने सूर जागचा हलत नाही.

खरखरविरोधी:
थांबा, इथे फसतात लोक. तो गुणगुणाट शोच्या वेळचा असेल तरच हा हिशेब. टेप डिजिटल करताना केबलमधून शिरलेला असेल तर तो नेमका ६० वर बसतो (युरोपात उतरवली असेल तर ५० वर) आणि चुकलेली टेपही बरोबर वाटते. गाणी सुरू होण्याआधीच्या शांततेत बघा. गुणगुणाटाच्या दोन रेघा दिसल्या तर बरोबर ६० ची सोडा, दुसरी धरा. शिवाय त्याच टूरच्या एखाद्या चांगल्या रेकॉर्डिंगशी सूर ताडून बघा.

फ्लॅकवाला:
हे पटलं. आता मॅट्रिक्स, म्हणजे साउंडबोर्ड आणि प्रेक्षक-टेप मिसळून केलेली आवृत्ती. माझं मत: चांगली जमली तर सगळ्यांत वरचढ, फसली तर सगळ्यांत वाईट. प्रेक्षकांतला माइक स्पीकरांपासून ३० मीटरवर असेल तर आवाज तिथे साधारण ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढं सरकवावंच लागतं. सरकवूनही दोन डिजिटल रेकॉर्डरांच्या घड्याळांत दशलक्षात २० चा फरक असेल तर तासाभरात ७२ मिलिसेकंदांची फारकत. पहिलं गाणं झकास, शेवटच्याला ड्रम डबल! म्हणून मॅट्रिक्स तपासताना सुरुवात नव्हे, शेवटचं गाणं ऐका.

टेपकिडा:
त्यातही ९० मिनिटांच्या कॅसेटची बाजू ४५ मिनिटांना संपते, उलटवताना गाण्याला भोक पडतं. ते भोक भरायला दुसरा स्रोत लागतोच. आणि तो पुष्कळदा प्रेक्षकांतलाच असतो, बरं का.

खरखरविरोधी:
प्रेक्षक-टेपेने भोक भरायला हरकत नाही, अख्खा शो तिच्यावर ऐकायला आहे.