इंग्रजीतलं ‘गेट’ वहिनीला कसं शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी वहिनी दिंडोरीजवळ द्राक्षाच्या एका पॅकहाऊसचं ऑफिस बघते. शिक्षण बारावी, मराठी माध्यम, हिशेबाला एकदम पक्की. सीझनमध्ये माल रॉटरडॅमला जातो आणि तिकडच्या मेलना उत्तरं तीच देते. रविवारी मी नाशिकरोडहून जाते आणि आम्ही दोघी आठवड्याचे मेल घेऊन बसतो.

सगळं अडतं ‘गेट’पाशी. एकाच मेलमध्ये ‘वुई गॉट द पेपर्स’, खाली ‘द बेरीज आर गेटिंग सॉफ्ट’, शेवटी ‘प्लीज गेट देम चेक्ड’. कागद मिळाले, मणी मऊ पडायला लागलेत, तपासून घ्या. तिला शाळेत ‘मिळणे’ एवढंच शिकवलेलं. मागे एकदा ‘वुई विल गेट बॅक टू यू ऑन द क्वालिटी’ वाचून तिला वाटलं, माल परत येतोय. दादा रात्रभर झोपला नाही. सकाळी मला फोन केला तेव्हा उलगडा झाला: क्वालिटीबद्दल नंतर कळवतो, इतकंच होतं ते.

मी तिला ‘लागणे’ आठवून दिलं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते. सीबीएस बसस्टँडवर गाडी लागते आणि कसारा घाटातही गाडी लागते! ती म्हणाली, “ताई, ‘लागणे’ मी जन्मापासून ऐकलंय. ‘गेट’ मला कोण ऐकवणार?”

सध्या पुढचा शब्द बघायला सांगते. वस्तू आली तर मिळणे, ‘सॉफ्ट’सारखा गुण आला तर होणे, ठिकाण आलं तर पोहोचणे. हे तिला जमतंय. पण बॅक, थ्रू, ओव्हर, अवे जोडले की घोटाळा. त्यांचं काय करू? क्लासला जायला तिला वेळ नाही.

प्रतिसाद: ताई, मी अंबडला कंपनीत स्टोअर बघतो, मीही मराठी माध्यमाचाच. याद्या पाठ करून काही उपयोग झाला नाही. जुने मेल काढा, ‘गेट’चं अख्खं वाक्य वहीत उतरवा, शेजारी आपण मराठीत काय म्हटलं असतं ते लिहा. नुसतं ‘गेट थ्रू’ मी विसरायचो. ‘द कंटेनर गॉट थ्रू कस्टम्स’ लिहिलं आणि सुटलेला कंटेनरच डोळ्यांपुढे आला.

धागाकर्ती: मनापासून आभार. दोन सीझनचे मेल आहेत तिच्याकडे, रविवारी वही घेऊनच जाते. वाक्यं मोठ्याने वाचून घेऊ, की लिहिणं पुरे होतं?