सुपर बोल जिंकतं कोण: क्वार्टरबॅक की बाकीचे ५२ जण?

निळीशाई
सुपर बोल म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगची फायनल. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात ईगल्सनी चीफ्सना ४०-२२ असं लोळवलं आणि सामन्याचा मानकरी ठरला त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून चाल चालवणारा खेळाडू, जेलन हर्ट्स. तो छान खेळला, त्याबद्दल वाद नाही. पण मध्यंतरालाच २४-० झालं होतं ते कुणामुळे? चीफ्सच्या क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला ईगल्सच्या डिफेन्सने (बचाव फळीने) त्या रात्री सहा वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल फेकण्याआधीच पाडलं, त्यातले अडीच सॅक एकट्या जॉश स्वेटचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी मात्र एकच प्रश्न, ‘हर्ट्स मोठा की महोम्स?’

माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये लेफ्ट गार्ड आहे, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधला एक. शुक्रवारी रात्री मैदानावरच्या लाउडस्पीकरवर त्याचा नंबर पुकारला जातो तो फक्त होल्डिंगची (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याची) पेनल्टी लागली तर. घरी येतो तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत वळ उठलेले असतात आणि मी बर्फ लावत बसते. त्याच्या मागे उभं राहून ज्याने बॉल फेकला, त्याचा फोटो गावच्या पेपरात येतो. विजेतेपदाचं श्रेय क्वार्टरबॅकला आपण फार जास्त देतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोस्टनकर
ताई, मुलाचं कौतुक आहेच. पण २०१७ चा सुपर बोल आठवा. फाल्कन्सविरुद्ध २८-३ अशी पिछाडी, आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने ४६६ यार्ड फेकून सामना ओव्हरटाइममध्ये ३४-२८ असा काढला. तिथे दुसरा कुणी असता तर आमचे पेट्रियट्स केव्हाच घरी गेले असते. त्याहून मोठा पुरावा टॅम्पाचा. २०१९ मध्ये टॅम्पाचे बकनिअर्स ७-९ (सात जिंकले, नऊ हरले) होते. ब्रेडी तिकडे गेला आणि पहिल्याच मोसमात चषक आला. माणूस बदलला, निकाल बदलला. आणखी काय हवं?

तिसरीघंटा
बोस्टनकर, तोच सामना जरा सावकाश बघू. चौथ्या क्वार्टरमध्ये २८-१२ असताना पेट्रियट्सच्या डिफेन्समधल्या हायटावरने फाल्कन्सच्या क्वार्टरबॅक मॅट रायनच्या हातून बॉल उडवला, म्हणून ब्रेडीला फाल्कन्सच्या २५ यार्डांवरून सुरुवात मिळाली. पुढे फाल्कन्स फील्ड गोलच्या (किक मारून तीन गुण मिळवण्याच्या) टप्प्यात आले होते. ती किक बसली असती तर खेळ खलास! तिथे पेट्रियट्सच्या ट्रे फ्लॉवर्सने रायनला १२ यार्ड मागे पाडलं, लगेच होल्डिंगची पेनल्टी लागली आणि त्यांना पंट करावा लागला, म्हणजे किक मारून बॉल सोडून द्यावा लागला. या दोन्ही वेळा ब्रेडी बाकावर बसला होता. पेट्रियट्सच्याच जेम्स व्हाइटने १४ कॅच घेतले, तीन टचडाउन केले (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला), एकट्याने २० गुण मिळवले. मानकरी तरीही ब्रेडीच!

टॅम्पाचंही तसंच. चीफ्सविरुद्धच्या त्या फायनलच्या ३१-९ मधला ९ हा आकडा बघा ना. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) जखमी होते आणि महोम्स अख्खी रात्र जीव मुठीत धरून पळत होता. एक टचडाउन करू दिला नाही त्या डिफेन्सने.

बोस्टनकर
ब्रेडीचा पेट्रियट्समधला जुना सहकारी, निवृत्त झालेला ग्रॉन्कॉव्स्की टॅम्पाला आला तो ब्रेडीसाठीच. त्या फायनलमध्ये दोन टचडाउन त्याचेच. हे श्रेय कुणाचं?

आणि निर्णायक क्षणाचं काय? २०२४ चा ओव्हरटाइम घ्या. चीफ्सविरुद्ध फोर्टी नायनर्स तीन गुणांनी पुढे, चौथा डाउन (शेवटची संधी), एक यार्ड हवा. चुकलं की मोसम संपला. महोम्सने बॉल स्वतःकडे ठेवला आणि आठ यार्ड पळाला. तेव्हाचं त्याचं डोकं हेच तर क्वार्टरबॅकचं काम. उगाच कुणी डॅलसच्या क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सहा कोटी डॉलर देत नाही.

तिसरीघंटा
मग रेव्हन्सच्या क्वार्टरबॅक ट्रेंट डिलफरचं काय कराल? २००० च्या मोसमात रेव्हन्स सलग पाच सामने ऑफेन्सच्या (हल्ला करणाऱ्या फळीच्या) टचडाउनविना खेळले, तरी त्यातले दोन जिंकले. १६ सामन्यांत डिफेन्सने दिले फक्त १६५ गुण. शेवटी फायनलमध्ये जायंट्सना ३४-७.

बोस्टनकर
आणि चषक जिंकल्यावर रेव्हन्सनी त्याच डिलफरला लगेच सोडलं! त्यांनासुद्धा चांगला क्वार्टरबॅक हवाच होता की.

निळीशाई
हो, त्याच्या जागी एल्व्हिस ग्रबॅकला आणलं. पण त्याच वर्षी बॉल घेऊन धावणारा जमाल लुइस सरावात गुडघा मोडून अख्ख्या मोसमाला मुकला, आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) स्टीलर्सनी रेव्हन्सना २७-१० असं बाहेर काढलं.

महोम्सच्या त्या आठ यार्डांबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. तो निर्णय त्याचा, श्रेयही त्याचं. माझं मागणं एवढंच आहे: १९७८ मध्ये डॅलसच्या हार्वी मार्टिन आणि रँडी व्हाइट या दोघा डिफेन्सिव्ह लाइनमनना सामनावीराचा मान विभागून दिला होता. ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या एकाही खेळाडूला तो आजवर मिळालेला नाही. दोघांना देता आला, तर एखाद्या वर्षी ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाचही जणांना मिळून द्यायला काय हरकत आहे?