अनुभव धागा: एनओसी आली, आदेश यायचाय

भारतातून मूल दत्तक घेऊन परदेशात नेणाऱ्यांना कागदांच्या याद्या पाहिजे तेवढ्या मिळतात. होम स्टडी, नोटरी, अपोस्टिल, सगळं. पण बाळाचा फोटो पाहिला, 'हो' कळवलं, 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची एनओसीही हातात पडली, त्यानंतर दत्तकाचा आदेश होईपर्यंतचे दिवस माणूस कसे काढतो, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मुलांची, संस्थांची, कोर्टांची नावं टाळा. बाकी मोकळेपणी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ६१ नुसार दत्तकाचा अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. मी बावळटासारखा कॅलेंडरवर त्या दिवसाला लाल गोल केला होता. लागले सात महिने. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा बोर्डावर आमचा नंबरच लागला नाही. वकील शांतपणे म्हणायचे, "पुढची तारीख पडली ताई."

दर रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. लेक चौदा महिन्यांची. संस्थेतल्या मावशी तिच्यापुढे मोबाईल धरून म्हणायच्या, "आई बघ, आई." त्यामुळे तिच्या लेखी आई म्हणजे तो मोबाईल! मावशींच्या हातात दिसला की "आई, आई" करत झेपावायची. प्रत्यक्ष भेटले तेव्हा तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोन ओढून घेतला आणि त्याच्याशी बोलत बसली. मी व्हरांड्यात जाऊन रडले. मग नवऱ्यानं सुचवलं, तू इथूनच फोन लाव आणि बोलत बोलत आत ये. तसं केलं. तिनं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोनकडे. मग फोन उलटा करून मागची बाजू नीट तपासली.

*

आमची फाईल २०२२ च्या कचाट्यात सापडली. सुनावणी झालेली, आदेश तेवढा बाकी. तेवढ्यात १ सप्टेंबरपासून दत्तक आदेशाचा अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. कोर्ट म्हणे, आता आमच्याकडे नाही. तिकडे विचारलं तर म्हणे, फाईल अजून आलीच नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रकरणं अशी वर्ग करायला अंतरिम स्थगिती दिली आणि आम्ही पुन्हा मूळ जागी. एकूण अकरा महिने. पोरगा तेवढ्यात चालायला लागला, फाईल मात्र रांगतच होती.

*

आदेश झाला म्हणजे सुटलो, असं समजू नका. आमच्या आदेशात जन्मतारखेतला महिना चुकला. दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा तारीख, पाच आठवडे. जन्मदाखला, पासपोर्ट, 'कारा'चं आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारातल्या कलम २३ खालचं प्रमाणपत्र, सगळं त्या एका आकड्यापाशी अडलं. प्रमाणित प्रत हातात आली की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. वकील घड्याळ बघेनात का.

*

आमच्या लेकाचा वरचा ओठ दुभंगलेला होता. वैद्यकीय अहवाल वाचून, इथल्या डॉक्टरांना दाखवून, विचारपूर्वक होकार दिला होता. आमचा बेत होता की इकडे आणून शस्त्रक्रिया करू. पण तारखा लांबत गेल्या, आणि असल्या शस्त्रक्रियेला फार थांबून चालत नाही. कायद्यानं आम्ही अजून त्याचे कुणीच नव्हतो, त्यामुळे संमतीपत्रावर सही संस्थेची. तो ऑपरेशन थिएटरमध्ये होता तेव्हा इकडे रात्रीचे अडीच वाजले होते. आम्ही दोघं स्वयंपाकघरात नुसते उभे.

झालं ते उत्तमच झालं. पण पुढच्या कॉलवर एक वेगळाच मुलगा दिसला. सहा महिने फ्रीजवरच्या ज्या फोटोशी बोलत होतो, ते हसू गेलं होतं. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. त्यात भर म्हणजे सुनावणीत विचारणा झाली, अर्जावरचा फोटो याच मुलाचा ना? सर्जनचं पत्र जोडेपर्यंत आणखी एक तारीख गेली.

*

मी थोडं वेगळं लिहिते. दत्तक संस्थेत समाजसेविका होते, आता निवृत्त आहे. मी लागले तेव्हा परदेशी जोडप्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, दत्तक त्यांच्या देशात व्हायचं. मुलं परदेशी पाठवताना गैरप्रकार होतात, असं पत्र एका वकिलानं सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. त्यावर १९८४ चा लक्ष्मीकांत पांडे निकाल आला आणि छाननीची चौकट घातली गेली. त्यामुळे बंद दाराआड न्यायाधीश खोदून खोदून विचारायचे तेव्हा मला बरंच वाटायचं. मात्र तपासणीत गेलेला वेळ वेगळा आणि फाईल टेबलावर पडून राहिली तो वेळ वेगळा. दुसऱ्याची मलाही चीड येते.

एनओसी मिळाल्यावर आदेशाआधी मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्या ताब्यात मिळू शकतं. देशाबाहेर मात्र नेता येत नाही. रजा मिळत असेल तर या.

*

वरच्या बाईंचं ऐकाच. मी बिनपगारी रजा टाकून साडेतीन महिने लेकीबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. बायकोला नोकरी सोडता येईना. तारीख पडली की मला आतून आनंद व्हायचा आणि तिकडे ती फोनवर हुंदके द्यायची. यावरून आमची जी भांडणं झाली ती इथे लिहीत नाही.

*

आमचं नात्यातलं दत्तक, २०१९ मधलं. बहीण गेली, भाची आठ वर्षांची. भाऊजींनी संमती दिली. सख्खा मामा आहे म्हणून लवकर होईल, असं सगळे म्हणत होते. पण परदेशात राहणाऱ्या मामालाही तेव्हा कोर्टाचा आदेश आणि 'कारा'ची एनओसी लागायचीच. पाचच्या पुढच्या मुलाची संमतीही लागते. त्यामुळे चेंबरमध्ये तिला विचारलं, मामाकडे जायला आवडेल का? तिनं मान हलवली आणि उलट न्यायाधीशांनाच विचारलं, "मग मामीला आई म्हणावं लागेल का?"

ते म्हणाले, "तुला वाटेल ते म्हण."

अजून मामीच म्हणते.