अनुभव धागा: सांगली-मिरजेत तुमची माणसं तुम्हाला कुठं भेटली?

आमच्या शेजारी नाशिकहून बदलीवर आलेलं कुटुंब आहे. वहिनी परवा म्हणाल्या, "गाव चांगलं आहे हो, पण इथं ओळखी होतात कुठं?" मी पटकन सांगून टाकलं: तालमीत, गाण्यात आणि दुकानाच्या पायरीवर. पण हे एकटीनं सांगायचं नव्हे. खेळ, गाणं-वाजवणं, एखादं दुकान किंवा पेढी यातून तुमची माणसं कशी जोडली गेली ते लिहा. नावाऐवजी भाग लिहिला तरी चालेल. सुरुवात मी करते.

गावभाग
आमच्याकडं बुद्धिबळ आलं थोरल्या दिरांबरोबर. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून इथल्या घराघरांत पट पोचवला. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे याच गावात खेळून मोठ्या झाल्या. उन्हाळ्यात स्पर्धा असली की बाहेरगावची मुलं आमच्या माडीवर उतरायची. एका वर्षी तमिळ मुलगा आला होता. त्याला मराठी येत नव्हतं, सासूबाईंना दुसरं काही येत नव्हतं. संध्याकाळी हरून आला की ताट वाढेपर्यंत तो डाव पुन्हा मांडायचा. सासूबाई हत्तीवर बोट ठेवून मान हलवायच्या, तो घोडा मागं घ्यायचा. जाताना पाया पडला त्यांच्या. पुढं किती वर्षं तरी दिवाळीला त्याचं पत्र यायचं.

मिरज
मी गाणं शिकतो. माझी माणसं मला तंबोऱ्याच्या दुकानात भेटली.

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची झंकार देणारी घडण, बिघडली की सतारमेकर गल्लीत जावंच लागतं, आणि हे काम घाईचं नव्हे. तंबोरे बनवणारे चाचा घोडीवरून कानस हलकेच एकदा फिरवतात, तार चढवतात, छेडतात, डोळे मिटून ऐकतात, पुन्हा तार उतरवतात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत तो भरीव झंकार सापडेपर्यंत बसायचं. तोवर दुकानात कोण कोण येतं! कर्नाटकाच्या सीमेपलीकडचे भजनी बुवा, दवाखाना आटोपून आलेले एक डॉक्टर, भोपळे घेऊन आलेला शेतकरी. तंबोऱ्याचा भोपळा कसा निवडायचा ते मला त्या शेतकऱ्यानंच दाखवलं: बोटानं टकटक करून, कानाशी धरून. डॉक्टरांकडं आज माझी आई औषधाला जाते आणि भजनी बुवांच्या सप्त्याला मी साथीला बसतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मीही घरचंच कार्य असल्यासारखा उभा होतो.

मिरजेतल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या आठवणीत दर्ग्यात आजही रात्र रात्र गाणं होतं. मोठे कलावंत इथं 'हजेरी लावायला' येतात. सतरंजीवर माझ्या एका बाजूला हमाली करणारे काका असतात, दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या मुली. गाण्यात चांगली जागा आली की तिघांच्या तोंडून एकदमच "वा!" निघतं. मिरजेत राहायला आलेल्या माणसानं दुसरं काही नाही केलं तरी चालेल, ती एक रात्र चुकवू नये.

माधवनगर
स्मृती मानधना आमच्या बाजूची, एवढं सांगितलं तरी पुरे. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नाही. सकाळी सरावाला लेक निघाली तर कोपऱ्यावरच्या खेळाच्या दुकानदारांनी तिच्या बॅटला नवी ग्रिप चढवून दिली. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "आज नको."

हरिपूर
आमच्याकडं पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, आत राजापुरी हळद. वर्षानुवर्षं ठेवली तरी कीड लागायची नाही, कारण आत प्राणवायू जवळपास नसतोच. म्हणूनच पेव उघडणं एकट्याचं काम नव्हतं. तोंड मोकळं करून बराच वेळ थांबायचं, मग दोरानं पेटता कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर वर शेजारच्या हातात. ज्याच्या हातात आपला जीव दिलाय त्याच्याशी बांधावरून भांडण किती दिवस टिकणार? २००५ च्या महापुरात बहुतेक पेवं गेली, हळद गोदामात गेली. ज्यांनी ते दोर धरले ती घरं अजून एकमेकांच्या लग्नात आधी कामाला येतात, मग जेवायला बसतात.

सांगलीवाडी
मी तालमीतला. आमचा दिवस पहाटे माती उकरण्यानं सुरू होतो. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. ती परंपरा डोक्यात ठेवूनच इथली पोरं लंगोट लावतात. कुस्तीच्या मैदानाची वर्गणी मागत फिरलो की सगळं गाव पायाखालून जातं. किराणावाला खुराकाला बदाम देतो, भडंगवाला पोतं पाठवतो, मंडपवाला "बघू नंतर" म्हणून हिशोबच करत नाही. हलगी कडाडली की आधी बारक्या पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात. हरलेल्यालाही कुणीतरी उचलून धरतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सुमारे ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. वर्गणीला घरोघर फिरल्यामुळं कुठल्या माडीवर म्हातारी एकटी आहे, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, हे आम्हाला पाठ होतं. यादी करावी लागली नाही. तालमीतल्या आण्णांनी गल्ल्या वाटून दिल्या, ज्यांना पोहता येतं ती पोरं इनरट्यूब घेऊन निघाली. पाणी ओसरल्यावर तालमीचा आखाडा चिखलानं भरला होता. तो काढायला सगळ्यात आधी किराणावाले काका आले. त्यांचं स्वतःचं दुकान तेव्हा धुऊन व्हायचं होतं.

नाशिकच्या वहिनींना सांगा, घरात पोरगा असो की पोरगी, तालमीत पाठवून द्या. पोरं पहाटे येतात. मुलींची माती संध्याकाळी वेगळी असते.