हॅम्बुर्गचा श्निटगर ऑर्गन: आज त्यात मूळचं किती?

तारसप्तक
नमस्कार मंडळी. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला आर्प श्निटगर या ऑर्गन बांधणाऱ्याचा ऑर्गन (नळ्यांत हवा सोडून वाजणारं वाद्य) १६९३ सालचा, असं सगळीकडे छापलेलं असतं. पण ते चर्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं होतं. मग आज वाजतं ते वाद्य जुनं म्हणायचं का? दुसरी शंका यंत्रणेबद्दल. बोट उचललं तरी स्वर वाजतच राहतो, हा दोष जुन्या ऑर्गनमध्ये कशामुळे येतो आणि शोधायचा कसा?

खर्ज
आधी इतिहास. श्निटगरचं काम १६८९ ते १६९३ चाललं. ६० स्टॉप (एकेका आवाजाच्या नळ्यांचे संच), चार मॅन्युअल (हाताने वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळी), पायांसाठी पेडल आणि साधारण ४००० नळ्या. त्यातही सगळ्या त्याच्या नाहीत. आधीच्या ऑर्गनमधल्या शेरर घराणं आणि फ्रिट्श या आधीच्या कारागिरांच्या चांगल्या नळ्या त्याने तशाच वापरल्या. म्हणजे काही भाग १६९३ पेक्षाही जुना आहे.

नुकसान दोनदा झालं. १९१७ मध्ये युद्धासाठी कथील हवं होतं म्हणून दर्शनी नळ्या काढून वितळवल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला आतल्या नळ्या, हवापेट्या (नळ्या ज्यांवर उभ्या असतात त्या पेट्या) आणि कोरीवकाम सुरक्षित जागी हलवलं, म्हणून ते वाचलं. लाकडी सांगाडा मात्र आगीत गेला. आज दिसणारा सांगाडा, दर्शनी नळ्या आणि वादकाची बैठक ही ऑर्गन बांधणाऱ्या युर्गन आरेंडने १९९३ ला पूर्ण केलेली पुनर्रचना आहे. थोडक्यात, डोळ्यांना दिसतं ते बरंचसं नवं आणि कानांना ऐकू येतं ते बरंचसं जुनं.

जाता जाता: १७२० मध्ये संगीतकार बाखला इथल्या वादकाच्या जागेत रस होता. जागा मिळाली हाइटमनला, आणि त्याने चर्चच्या तिजोरीत ४००० मार्क भरले. तेव्हाही असंच चालायचं!

जुना भाता
यंत्रणेबद्दल. हवापेटीत प्रत्येक पट्टीसाठी एक लांबट कप्पा असतो आणि त्या स्वराच्या सगळ्या स्टॉपच्या नळ्या त्याच कप्प्यावर ओळीने उभ्या असतात. कप्प्याच्या तळाशी कातडं लावलेली झडप. पट्टी दाबली की पातळ लाकडी काड्या झडपेला खाली ओढतात आणि कप्प्यात हवा भरते. कप्पे पट्ट्यांपेक्षा जास्त पसरलेले असतात, म्हणून मध्ये फिरते रूळ बसवलेली फळी लागते. ती ओढ आडवी नेते. कोणती नळी बोलणार हे ठरवते नळ्यांखालची भोकं पाडलेली सरकती फळी. स्टॉप ओढला की भोकं जुळतात.

झडप हवेच्या दाबानेच बंद राहते. समजा दाब ८० मिलिमीटर जलस्तंभ (इतक्या उंचीच्या पाण्याचा दाब) आहे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८ ग्रॅम. झडपेने झाकलेलं तोंड २० बाय २ सेंटिमीटर धरलं तर एकूण ३२० ग्रॅम. झडप मागे बिजागरीवर असल्याने पुढच्या टोकाला त्याच्या निम्मं, १६० ग्रॅम, वर स्प्रिंगचा जोर. म्हणून पट्टी सुरुवातीला अडते आणि मग एकदम सुटते. चांगल्या वादकाला तो 'टक्' हवाच असतो. दोन मॅन्युअल जोडले की हे ओझं वाढतं. मोठ्या फ्रेंच ऑर्गनमध्ये १८४१ ला सेंट-डेनीमध्ये कावाये-कोल या ऑर्गन बांधणाऱ्याने पट्टी हलकी करणारी बार्करची हवेवर चालणारी तरफ वापरली ती याचसाठी.

आता अडकलेला स्वर. वाजता स्वर चालू ठेवून त्याच्या काडीच्या टोकाचं कातडी नट सैल करा. स्वर थांबला, तर दोष पट्टी, रूळ किंवा काडीत आहे: ओलाव्याने फुगलेलं लाकूड, नाहीतर कुणीतरी नट जास्त आवळलेलं. नाही थांबला, तर झडपेत: कचऱ्याचा कण, दमलेली स्प्रिंग, कडक झालेलं कातडं. कण असेल तर पट्टी पाच-सहा वेळा झटक्यात दाबून सोडली की बऱ्याचदा हवाच तो उडवते. काडी वर ढकलून झडप बसवायला जाऊ नका. काडी वाकते आणि दोषाचे दोन दोष होतात.

शेजारचा स्वर बारीक आवाजात कुरकुरत असेल तर ते वेगळं दुखणं. दोन कप्प्यांमधली भिंत किंवा वरची फळी तडकली आहे. हिवाळ्यात चर्च जोरात तापवलं की आर्द्रता घसरते, लाकूड आक्रसतं, सरस सुटतो. हे नट फिरवून बरं होत नाही. नळ्या उतरवून पेटी उघडावी लागते.

तारसप्तक
वा, पक्कं समजलं. थंडीत ट्रम्पेटसारखे स्टॉप बेसूर वाटतात, तेही या आक्रसण्यामुळेच का?

जुना भाता
नाही, तिथे बेसूर होतात त्या बाकीच्या नळ्या. साध्या नळीचा स्वर आतल्या हवेतल्या ध्वनिवेगावर ठरतो, म्हणून एक अंश सेल्सिअसला साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो. १० अंश उतरले तर ३० सेंट. ट्रम्पेटसारख्या जिभेच्या नळीत पितळी जीभ (पेटीच्या सुरासारखी मोकळी नव्हे, कडेवर आपटणारी) स्वर ठरवते आणि ती जवळपास जागेवरच राहते. जिभेचे स्टॉप संख्येने कमी, म्हणून बेसूर तेच वाटतात आणि लोक त्यांच्याच सूर लावायच्या तारा ठोकत बसतात. आधी तापमान नेहमीच्या पातळीवर आणा, मग ऐका.

खर्ज
+१. एक भर: याकोबीचा 'ए' (ज्यावरून पाश्चात्त्य वाद्यं सूर लावतात तो स्वर) सुमारे ४९५ हर्ट्झ आहे, म्हणजे आजच्या प्रमाण ४४० पेक्षा पूर्ण एक स्वर वर. त्यामुळे पेडलच्या ३२ फुटी प्रिन्सिपल या स्टॉपची सर्वांत लांब नळी मोजली तर आजच्या ४४० च्या सुरातल्या तशा नळीहून आखूडच भरते.

आणि जुन्या ऑर्गनला नवे ओकचे भाते किंवा हवामार्ग जोडणाऱ्यांसाठी: ताज्या ओकमधून ॲसेटिक आम्ल निघतं. नळ्या शिशाच्या असतील तर आधी पाय पांढरे पडतात, मग भोकं पडतात. आरशाने पायाच्या आत बघा. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.